वास्तूतील पोकळी व तिचे मापन

वास्तूच्या बाह्य पृष्ठांनी वेढलेल्या एकूण घनफळापैकी किती भाग भिंती, खांब, तुळया, छत, घुमट इ. भरीव घटकांनी व्यापला आहे आणि किती भाग मोकळा आहे, हे ठरविण्याच्या गणितास वास्तूतील पोकळीचे मापन म्हणता येईल. वास्तू उभारण्याचा हेतू बहुधा ही पोकळी मिळविणे हाच असतो. खर्च मात्र भरीव भागावर होतो आणि पोकळीवरील भारही त्यालाच पेलावा लागतो. त्यामुळे या दोहोंचे प्रमाण किती असावे, हा प्रश्न स्थपती, अभियंता, ठेकेदार आणि पुराणवस्तुसंशोधक या सर्वांपुढे निरनिराळ्या स्वरूपांत उभा राहिला आहे. या प्रमाणाचा चुकीचा अंदाज काही वेळा कोट्यवधींच्या खर्चास, तर काही वेळा प्राचीन वास्तूच्या नाशास कारणीभूत झाला आहे.

पोकळी हा शब्द येथे तीन अर्थांनी वापरावा लागतो. दालने, मार्गिका, जिने, सज्जे ही हेतुतः ठेवलेली पोकळी होय. भिंतीच्या दोन दर्शनी थरांमधील दगडगोट्यांच्या भरावातील फटी, सांध्यांत चुना न पोहोचल्याने राहिलेल्या जागा, भार कमी करण्यासाठी भिंतीच्या पोटात सोडलेले कोनाडे ही बांधणीतील पोकळी होय. तिसरी पोकळी खुद्द द्रव्याच्या अंगची असते. वीट, चुना, वाळूचा दगड यांत सूक्ष्म छिद्रे असतात. साध्या विटेने चोवीस तासांत आपल्या वजनाच्या शेकडा २० पेक्षा अधिक पाणी शोषू नये, अशी भारतीय मानकाची अट आहे, यावरून या छिद्रांच्या व्याप्तीची कल्पना येते. पहिल्या प्रकारची पोकळी फीत लावून मोजता येते; दुसरीचा केवळ अंदाज करता येतो आणि तिसरी प्रयोगशाळेत ठरवावी लागते. या तिन्हींची गल्लत झाल्यामुळे अनेक प्रसिद्ध वास्तूंविषयी परस्परविरोधी आकडे प्रचलित झाले आहेत.

भारतात या गणिताची परंपरा जुनी आहे. शुल्बसूत्रांत वर्णिलेली अग्निचिती पाच थरांची व प्रत्येक थरात दोनशे विटांची असे. तीत पोकळी अभिप्रेतच नव्हती. ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात (६२८) आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) ‘खात-व्यवहार’ व ‘चिति-व्यवहार’ अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. पहिल्यात खणून काढलेल्या पोकळीचे, तर दुसऱ्यात रचलेल्या विटांच्या राशीचे घनफळ काढण्याच्या रीती दिल्या आहेत. पोकळी आणि भरीव या एकाच गणिताच्या दोन बाजू आहेत, ही जाणीव या मांडणीत स्पष्ट दिसते. तोंडाशी व तळाशी लांबी-रुंदी भिन्न असलेल्या खाताबद्दल भास्कराचार्यांचा नियम असा आहे : तोंडाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोहोंकडील लांबी-रुंदीच्या बेरजांपासून होणारे क्षेत्रफळ या तिन्हींची बेरीज करून तीस सहाने भागावे व खोलीने गुणावे. मातीकामाच्या मोजणीत आजही वापरले जाणारे सूत्र तत्त्वतः हेच आहे. त्याचा उपयोग पुढे एका मोठ्या वास्तूच्या संदर्भात करून दाखविला आहे.

पोकळीच्या दृष्टीने पाहता वास्तूंच्या एका टोकाला स्तूप आहे. सांची येथील मोठ्या स्तूपाचा व्यास सु. ३६·६ मी. व उंची सु. १६·५ मी. असून त्याचा गाभा विटांचा व बाह्य आवरण दगडी आहे. त्यात प्रवेश करण्याजोगे दालन नाही. एखाद्या स्तूपात पोकळी असलीच, तर ती धातुपात्र ठेवण्यापुरती असते. परंतु एवढ्या प्रचंड राशीत काहीच नसेल, यावर एकोणिसाव्या शतकातील उत्खननकर्त्यांचा विश्वास बसेना. १८२२ मध्ये सांचीचा मोठा स्तूप एका बाजूने वरपासून तळापर्यंत फोडण्यात आला. हाती काही लागले नाही. उलट पडलेल्या खिंडारामुळे पश्चिमेकडील तोरण व कठड्याचा काही भाग कोसळला. १८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम व फ्रेडरिक मेझी यांनी तेथे पुन्हा विवरे घेतली. लहान स्तूपांत त्यांना सारिपुत्त व मोग्गलान यांच्या नावांची धातुपात्रे मिळाली, मोठ्या स्तूपात मात्र काहीही मिळाले नाही. स्तूपांची झालेली हानी जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली १९१२ ते १९१९ या काळात दुरुस्त करण्यात आली. महाराष्ट्रात सोपारा येथे भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केलेले उत्खनन याहून फलदायी ठरले. तेथील विटांच्या स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी सापडली व तीत एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धांच्या आठ धातुमूर्ती होत्या. संपूर्ण राशीच्या तुलनेत ही पोकळी नगण्य. परंतु तिच्यासाठीच ती रास रचलेली होती.

दुसऱ्या टोकाला लेणी आहेत. लेण्यात बांधकाम नसतेच. कारागिराने काढून टाकलेला दगड हीच त्याची निर्मिती असते आणि श्रमाचा हिशोबही पोकळीवरूनच करावा लागतो. वेरूळच्या कैलास लेण्याचे प्रांगण (आठवे शतक, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकीर्दीशी निगडित) सु. ८४ मी. लांब व ४७ मी. रुंद असून मागील कडा सु. ३२·५ मी. उंच आहे. डोंगर समोरच्या बाजूस उतरता असल्याने सर्वत्र एवढी खोली नाही. सरासरी खोली मागील कड्याच्या दोन-तृतीयांश धरली, तर खाताचे घनफळ सु. ८५,००० घ. मी. भरते. त्यातून मध्ये राखलेल्या मंदिराचा, नंदिमंडपाचा व स्तंभांचा भरीव भाग वजा करावा लागतो. तो वीस ते तीस हजार घ. मी. मानल्यास काढून टाकलेला दगड साठ हजार घ. मी.च्या आसपास येतो आणि बेसाल्टची घनता लक्षात घेता त्याचे वजन दीड ते दोन लाख टनांच्या दरम्यान पडते. ग्रंथांतून दिला जाणारा दोन लाख टनांचा आकडा या मर्यादेच्या वरच्या टोकाशी आहे. अनेक प्रवासवर्णनांत आढळणारे त्याहून मोठे आकडे प्रांगणाचे सगळेच घनफळ मोकळे धरल्याने निर्माण झालेले दिसतात.

रोमन स्थपतींनी मोठी पोकळी साधण्यासाठी भिंतीतच पोकळी ठेवण्याचा मार्ग अवलंबिला. रोम येथील पँथीऑनच्या (दुसरे शतक) वर्तुळाकार दालनाचा व्यास व उंची ही दोन्ही सु. ४३·३ मी. असून आतील मोकळे घनफळ सु. ५३,००० घ. मी. भरते. भोवतालची भिंत सु. ६ मी. जाड आहे, परंतु ती अखंड नाही. तीत मोठे कोनाडे व बाहेरून न दिसणाऱ्या पोकळ्या असून त्यांवरील भार कमानींच्या द्वारे आठ भक्कम पायांवर उतरविला आहे. घुमटाची जाडी तळाशी सु. ६ मी. असून शिखराजवळील गवाक्षापाशी ती सव्वा मीटरच्या आसपास येते. वर जावे तसतसे काँक्रीटमधील खडे हलके होत जातात, म्हणजेच द्रव्याच्या अंगच्या पोकळीचाही येथे जाणीवपूर्वक उपयोग केलेला आहे.

पोकळी किती असावी हा प्रश्न शास्त्रीय वादाचा विषय झाला तो अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये. पॅरिस येथील सेंट झनव्ह्येव्ह चर्चच्या (पुढे पाँतेआँ या नावाने प्रसिद्ध) आराखड्यात झाक-झेरमँ सूफ्लो (१७१३–८०) या स्थपतीने गॉथिक चर्चचा हलकेपणा व ग्रीक स्तंभांची भव्यता यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. मधल्या घुमटाचा भार त्याने चार सडपातळ त्रिकोणी पायांवर टाकला. १७७० मध्ये प्येर पात या स्थपतीने एक पुस्तिका प्रसिद्ध करून हे पाये घुमट पेलण्यास अपुरे आहेत, असा जाहीर आक्षेप घेतला. त्याचा आधार कार्लो फोंताना या इटालियन स्थपतीने जुन्या घुमटांवरून ठरविलेली प्रमाणे हा होता. अशा प्रमाणांना परंपरेचे बळ असले, तरी दगड किती दाब सहन करतो, याचा त्यांत विचार नव्हता. सूफ्लोच्या बाजूने एमिलाँ गोते हा अभियंता पुढे आला. त्याने दगडाचे तुकडे चिरडून त्यांचे सामर्थ्य मोजणारे यंत्र तयार केले आणि पाये पुरेसे आहेत, असा निष्कर्ष काढला. बांधकामाचे सामर्थ्य अनुकरणाने न ठरविता प्रयोगाने ठरविण्याच्या आरंभीच्या उदाहरणांत या प्रयोगांची गणना होते.

पुढे घडले ते दोन्ही पक्षांना अडचणीचे होते. बांधकाम चालू असतानाच १७७६ च्या सुमारास पायांना भेगा पडल्या व दगडांच्या कडांचे टवके निघू लागले. सूफ्लोच्या मृत्यूनंतर काम पुढे नेणाऱ्यांत झाँ-बातीस्त राँदले (१७४३–१८२९) हा प्रमुख होता. त्याला आढळलेले कारण पातच्या आक्षेपाहून वेगळे होते. दर्शनी सांधे केसासारखे बारीक दिसावेत म्हणून गवंड्यांनी दगडांच्या बैठका आतल्या बाजूने किंचित खोलगट घडविल्या होत्या व मधली जागा पाचरी आणि चुना यांनी भरली होती. चुना बसल्यावर मधला भाग भार घेईनासा झाला आणि सर्व दाब दर्शनी कडांवर आला. म्हणजे ज्या भेगांचा दोष घुमटाखालच्या भव्य पोकळीला दिला जात होता, त्या बव्हंशी सांध्यांतील काही मिलिमीटर पोकळीमुळे पडल्या होत्या. गोतेचे गणित चुकीचे नव्हते. पण ते अखंड भरीव पायाचे होते आणि प्रत्यक्षातील पाया तसा नव्हता. १८०६ पासून राँदलेने पाये अधिक जाड करून भक्कम केले व त्यांना लागून असलेले स्तंभ त्यात सामावून घेतले. इमारत वाचली, सूफ्लोच्या मनातील मोकळेपणा मात्र काही अंशी गेला.

या अनुभवातून राँदलेने इमारतबांधणीवरील आपल्या बहुखंडी ग्रंथात (१८०२–१७) एक तौलनिक कोष्टक दिले. प्रत्येक वास्तूच्या तलविन्यासाचे एकूण क्षेत्रफळ आणि त्यातील भिंती, पाये व स्तंभ यांनी व्यापलेले क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर त्याने काढले. त्यानुसार पॅरिसच्या अँव्हालीदच्या घुमटाखालील वास्तूत भरीव भाग ०·२६८, रोमच्या सेंट पीटर्समध्ये ०·२६१, लंडनच्या सेंट पॉल्समध्ये ०·१७० आणि पाँतेआँमध्ये ०·१५४ इतका येतो. एकाच आकड्यात वास्तूचे धाडस मोजणारी ही रीत लोकप्रिय झाली. जोसेफ ग्विल्ट याने आपल्या वास्तुकोशात (१८४२) ती इंग्रजी वाचकांपुढे मांडली. तिची मर्यादाही उघड आहे : ती एका पातळीवरचा छेद मोजते, घनफळ नव्हे. तलविन्यासात भरीव भाग काळा व मोकळा भाग पांढरा दाखविण्याचा प्रघात त्याआधीच रूढ झालेला होता. जांबात्तीस्ता नॉल्ली याने रोम शहराच्या नकाशात (१७४८) तो संपूर्ण शहराला लावला व चर्चची अंतर्दालनेही रस्त्यांप्रमाणेच पांढरी दाखविली.

छेदावरून काढलेले प्रमाण आणि घनफळावरून काढलेले प्रमाण यांत किती अंतर पडू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे विजापूर (२०१४ पासून विजयपुरा) येथील गोल घुमट होय. मुहम्मद आदिलशाहाची (कार. १६२७–५६) ही कबर. तिच्या दालनाची प्रत्येक बाजू १३५ फूट (सु. ४१·१५ मी.) आहे. जेम्स फर्ग्युसन याने दालनाचे क्षेत्रफळ १८,२२५ चौ. फूट काढून ते पँथीऑनच्या १५,८३३ चौ. फुटांहून अधिक असल्याचे दाखविले आणि एकाच घुमटाने आच्छादिलेले हे सर्वांत मोठे दालन असल्याचे मत मांडले. वास्तूची बाहेरील बाजू सु. ४७·५ मी. आहे. कोपऱ्यांवरील मनोरे वगळले, तर तलविन्यासात मोकळा भाग शेकडा ७५ व भरीव भाग शेकडा २५ भरतो. राँदलेच्या कोष्टकात घातल्यास ही वास्तू सेंट पीटर्सच्या शेजारी बसेल.

परंतु दालन वरपर्यंत तेवढेच रुंद राहत नाही. जमिनीपासून ५७ फुटांवर (सु. १७·४ मी.) भिंतींतून एकमेकींना छेदणाऱ्या कमानी पुढे झुकू लागतात आणि १०९ फूट ६ इंच (सु. ३३·४ मी.) उंचीवर ९७ फूट व्यासाचे वर्तुळ उरते. या कमानींच्या माथ्यावर १२४ फूट ५ इंच अंतर्व्यासाचा घुमट उभा असून त्याची जाडी सर्वसाधारणपणे १० फूट आहे. प्रतिध्वनीबद्दल विख्यात असलेला सज्जा घुमटाची आतील कड व हे वर्तुळ यांमधील जागेत आहे. आतील माथा जमिनीपासून सु. १७५ फुटांवर आहे. या मापांवरून तीन टप्प्यांत हिशोब करता येतो. खालचा चौरस भाग सु. २९,४५० घ. मी. होतो. मधल्या भागासाठी भास्कराचार्यांचा नियम लावता येतो : वरच्या वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस सु. २६·२ मी. बाजूचा असून तळाचा चौरस ४१·१५ मी. बाजूचा आहे, खोली सु. १६ मी. घेतल्यास घनफळ सु. १८,४५० घ. मी. येते. घुमटाचा आतील भाग अर्धदीर्घवर्तुळाभ मानून सु. १५,००० घ. मी. होतो. एकूण पोकळी सु. ६२,९०० घ. मी. झाली. याच रीतीने बाह्य आकाराचे घनफळ काढल्यास चौकोनी भाग सु. ७५,३५० आणि घुमट सु. २३,२०० मिळून सु. ९८,५५० घ. मी. भरते. म्हणजे मोकळा भाग शेकडा ६४ च्या आसपास येतो. हे गणित स्थूल आहे; मनोरे, कठडे, छताखालच्या मार्गिका त्यात धरलेल्या नाहीत. तरीही तलविन्यासाने सुचविलेले शेकडा ७५ हे प्रमाण घनफळाच्या कसोटीवर दहा-अकरा टक्क्यांनी खाली येते, एवढे त्यातून निश्चित होते.

ही वजाबाकी निरुपयोगी नाही. घुमट आपल्या बुडाशी भिंतींना बाहेर ढकलत असतो. आत झुकलेल्या कमानींचे वजन त्या रेट्याला उलट दिशेने आवरते. सेंट पीटर्सच्या घुमटास तडे गेल्यावर अठराव्या शतकात लोखंडी कड्यांचे वेष्टन घालावे लागले, विजापूरच्या स्थपतींनी तेच काम दालनाच्या पोकळीत दगड-चुन्याचे वजन लोंबते ठेवून साधले. पोकळीचा जो भाग येथे गमावलेला दिसतो, तो घुमटाच्या स्थैर्यासाठी दिलेला आहे. केवळ गुणोत्तरावरून वास्तूची गुणवत्ता ठरविणाऱ्यांना हा मुद्दा दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडाने सारेच प्रमाण बदलले. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यात (१८८९) सु. ७,३०० टन घडीव लोखंड आहे. ते वितळवून मनोऱ्याच्या १२५ मी. बाजूच्या चौरस तळावर ओतले, तर जेमतेम ६ सेंमी. जाडीचा थर होईल. त्याच सुमारास शिकागो येथे पूर्ण झालेल्या मोनॅडनॉक या सोळा मजली इमारतीच्या (१८९१) भारवाही विटांच्या भिंती तळमजल्यावर सु. १·८ मी. जाड ठेवाव्या लागल्या. जमिनीची किंमत जिथे सर्वाधिक, तिथेच जागा सर्वांत कमी, असा तो प्रकार होता. पोलादी व पुढे प्रबलित काँक्रीटच्या सांगाड्याने भिंतीला भारातून मुक्त केले. आजच्या साध्या निवासी इमारतीत ३ मी. उंचीच्या मजल्यामागे सव्वाशे मिलिमीटरची लादी धरल्यास ती घनफळाच्या सु. ४ टक्के होते. भिंती व खांब यांनी जोत्याचा शेकडा १२ भाग व्यापला, तर एकूण भरीव भाग शेकडा १६ च्या आत राहतो.

ठेकेदारीच्या व्यवहारात पोकळीचा हिशोब नेहमीच पैशाशी जोडलेला राहिला. दगड-विटांचे काम ‘ब्रास’मध्ये म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने मोजण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ आहे. भिंतीच्या मापातून दारे-खिडक्यांची पोकळी वजा करावी लागते. मात्र ०·१ चौ. मी. पर्यंतच्या छिद्रांची वजावट करू नये, असा भारतीय मानकातील संकेत आहे, कारण अशी लहान पोकळी सोडण्यासाठी लागणारी मेहनत वाचलेल्या मालाइतकीच असते. संपूर्ण इमारतीच्या खर्चाचा पूर्वअंदाज करताना बाह्य घनफळास प्रति घनफूट दराने गुणण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासून प्रचारात होती. तीत उंच दिवाणखान्यातील हवा आणि तळघरातील जाड भिंत यांना एकच दर लागे. हा दोष ध्यानी आल्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापासून मजल्यांच्या क्षेत्रफळावर आधारलेली रीत अधिक वापरात आली. सदनिकांच्या विक्रीतही भरीव आणि मोकळे यांचा वाद शिरला. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये चटई क्षेत्राची व्याख्या करण्यात आली असून तीतून बाहेरील भिंतींनी व्यापलेली जागा वगळली आहे. सदनिकेच्या आतील विभाजक भिंती मात्र त्यात धरल्या जातात. कायद्याच्या दृष्टीने मोकळ्या असलेल्या क्षेत्रात याप्रमाणे काही भरीव भागही येतो.

जेथे आत शिरताच येत नाही, तेथे पोकळीचा शोध घेणे हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न होय. ईजिप्तमधील गिझा येथील खुफूच्या पिरॅमिडचा तळ २३०·३ मी. बाजूचा व मूळ उंची सु. १४६·६ मी. असल्याने त्याचे मूळ घनफळ सु. २५·९ लक्ष घ. मी. भरते. फ्लिंडर्स पीट्री (१८५३–१९४२) याने १८८० ते १८८२ या काळात केलेल्या काटेकोर मोजणीमुळे आतील दालनांची मापेही उपलब्ध झाली. राजाचे दालन (१०·५ × ५·२ × ५·८ मी.) सु. ३२० घ. मी., राणीचे दालन सु. १६०, सु. ४७ मी. लांब व ८·६ मी. उंच असलेली मोठी चढती मार्गिका सु. ५७५, राजाच्या दालनावरील भारनिवारक कप्पे सु. २८० आणि उरलेल्या मार्गिका व लहान जागा मिळून सु. १६० घ. मी. धरता येतात. जमिनीखालील खडकात कोरलेले दालन वगळता ज्ञात पोकळी अशा प्रकारे १,५०० घ. मी. होते, म्हणजे एकूण घनफळाच्या शेकडा ०·०६. मध्यभागी मुळातच असलेला खडकाचा उंचवटा राशीचाच भाग मानला आहे.

एवढ्या अल्प पोकळीवर विश्वास न बसल्याने येथेही सांचीसारखेच प्रकार घडले. १८३७ मध्ये रिचर्ड हॉवर्ड-व्हाइझ याने सुरुंगाची दारू वापरून राजाच्या दालनावरील चार कप्पे उघडे केले. त्यांत खुफूचे नाव असलेल्या गवंड्यांच्या खुणा मिळाल्या हे खरे. पण स्फोटांनी झालेली हानी कायमची राहिली. पुढील शतकात मात्र वास्तूला धक्का न लावता आत पाहण्याची साधने मिळाली. विश्वकिरणांपासून निर्माण होणारे म्यूऑन कण दगडातूनही आरपार जातात. वाटेत दगड जितका कमी, तितके अधिक कण पलीकडे पोहोचतात. ऑस्ट्रेलियात १९५५ मध्ये एका बोगद्यावरील खडकाची जाडी या तत्त्वाने मोजण्यात आली होती. लूइस अल्व्हारेझ (१९११–८८, भौतिकीचे नोबेल पारितोषिक १९६८) या अमेरिकन भौतिकीविज्ञाने ईजिप्शियन सहकाऱ्यांसह खाफ्रेच्या पिरॅमिडखालील दालनात कणशोधक बसविले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पिरॅमिडच्या तपासलेल्या सु. १९ टक्के घनफळात अज्ञात दालन आढळले नाही. नकारात्मक असला, तरी हा निष्कर्ष दगड न फोडता मिळालेला होता.

१९८६-८७ मध्ये फ्रेंच पथकाने खुफूच्या पिरॅमिडवर सूक्ष्म गुरुत्वमापन केले. त्यातून बांधकामाची सरासरी घनता अखंड चुनखडकाच्या घनतेपेक्षा कमी असल्याचे दिसून आले. वृत्तपत्रांनी याचा अर्थ गुप्त दालने असा केला; परंतु ओबडधोबड चिऱ्यांमधील फटी, चुन्याचा व भुग्याचा भराव यांमुळेही घनता घटते. ही बांधणीतील पोकळी हजारो ठिकाणी विखुरलेली असून तिचे एकूण घनफळ सर्व दालनांच्या कित्येक पट असू शकते. आरंभी उल्लेखिलेल्या तीन प्रकारांतील भेद येथे निर्णायक ठरतो.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्कॅनपिरॅमिड्स’ या प्रकल्पात जपानी व फ्रेंच पथकांनी तीन निरनिराळ्या प्रकारच्या म्यूऑनशोधकांनी स्वतंत्र मोजण्या केल्या. मोठ्या मार्गिकेच्या वर किमान ३० मी. लांबीची व तिच्याच तोडीच्या छेदाची पोकळी असल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. उत्तरेकडील मूळ प्रवेशद्वाराच्या वरील तिरप्या दगडांमागे सु. ९ मी. लांब व २ मी.हून थोड्या अधिक रुंदी-उंचीची मार्गिका असल्याचेही याच रीतीने आढळले होते. २०२३ मध्ये दगडांच्या सांध्यातून बारीक दूरदर्शक नळी घालून ती प्रत्यक्ष पाहण्यात आली. वरच्या मोठ्या पोकळीचे घनफळ छेदाच्या साम्यावरून सु. ४०० घ. मी. धरले व या मार्गिकेचे सु. ४० घ. मी. त्यात मिळविले, तरी खुफूच्या पिरॅमिडमधील ज्ञात पोकळी शेकडा ०·०७ ते ०·०८ पर्यंतच पोहोचते.